आकडा कोणत्या मापाचा?



धारणीच्या बाजारात मोहाची फुले घेऊन बसलेल्या बाईला तुम्ही 'कशी दिली?' म्हणून विचारा. ती नुसता पैशाचा आकडा सांगून थांबत नाही. समोरचे माप उचलून दाखवते, आणि मग भाव सांगते. माप दाखवल्यावाचून सांगितलेल्या भावाला काही अर्थ नाही, हे तिला कोणी शाळेत शिकवलेले नसते; रोजच्या व्यवहाराने शिकवलेले असते. पण पाटीवर, पत्रकात, वर्तमानपत्रात किंवा औषधाच्या चिठ्ठीवर मात्र आपण पुष्कळदा नुसता आकडा वाचतो, आणि तो कशाचा हे ज्याचे त्याने ओळखून घ्यावे अशी अपेक्षा असते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून तो लिहीत नाही. वाचणाऱ्याला ठाऊक नसते, आणि नुकसान वाचणाऱ्याचे होते. आज त्याच गोष्टीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्याकडे हा घोटाळा का होतो, ते आधी पाहू. आपल्या आजोबांच्या काळी शेर, पायली, कुडव, मण, खंडी ही मापे चालत. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅमचा. आणि ४० शेरांचा मण ३७ किलो ३२४ ग्रॅमचा. पण हे झाले सरकारी. गावोगावची पायली आणि कुडव निराळे. या गावचे माप त्या गावी चालत नसे. यावर उपाय म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला, आणि एप्रिल १९६२ पासून वजनांत तोच एक कायदेशीर राहिला.

कायद्याने तागडीतली वजने बदलता येतात. जिभेवरची वजने बदलायला पिढ्या लागतात. अजूनही आपण 'सोळा आणे खरे' म्हणतो, आणि 'काम बारा आणे झाले' म्हणतो. त्यात वाईट काही नाही. त्यातून धारणी तालुक्यात घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि कचेरीत मराठी, अशी तीन भाषांची ये-जा. कचेरीतला शब्द घरी पोहोचेपर्यंत दोनदा भाषा बदलतो. तेव्हा मूळ शब्दच मोघम असला, तर घरी काय पोहोचत असेल, याचा विचार करा.

आता जमिनीचे पाहा. आपण बोलतो एकर आणि गुंठ्यांत. सात-बारा बोलतो हेक्टर आणि आर यांत. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि शंभर आरचा एक हेक्टर. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. नेमके सांगायचे तर २.४७ एकर. गुंठा आणि आर मात्र जवळजवळ सारखेच. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. धाकटी मापे सारखी आणि थोरली मापे निराळी, हेच घोटाळ्याचे मूळ आहे.

समजा, एखादा कास्तकार विचारतो, "पटवारीसाहेब, माह्या वावराचा आकडा किती हाये?" उत्तर येते, "एक वीस." "म्हंजे दीड एकर ना जी?" आणि गर्दीत कोणी तरी 'हो' म्हणून जातो. वास्तविक सात-बारावर १.२० हेक्टर लिहिलेले असते. एक हेक्टर वीस आर म्हणजे तीन एकरांना थोडे कमी. एक एकर वीस गुंठे म्हणजे फक्त दीड एकर. बोलण्यात दोन्ही 'एक वीस'च. पण जमीन निम्म्याने फरकाची. विक्रीच्या बोलणीत, भावाभावांच्या वाटणीत, किंवा पीक विम्याच्या अर्जात असा 'एक वीस' गेला, तर पुढे काय होईल ते तुम्हीच ताडून पाहा.

आणखी एक. १.५ आणि १.०५ यांत एका शून्याचा फरक दिसतो. पण १.५ हेक्टर म्हणजे एक हेक्टर पन्नास आर, आणि १.०५ हेक्टर म्हणजे एक हेक्टर पाच आर. मध्ये पंचेचाळीस आर गेले. एका एकराहून जास्त जमीन एका शून्याने गिळली. म्हणून आर नेहमी दोन आकड्यांत लिहावेत, आणि वाचताना 'एक हेक्टर, पाच आर' असे मापाच्या नावासकट वाचावे.

मेळघाटात याला आणखी महत्त्व आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे वनजमिनीचा हक्क प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीपुरता मिळतो, आणि त्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. चार हेक्टर, चार एकर नव्हे. चार हेक्टर म्हणजे पावणेदहा एकरांहून थोडे जास्त. कोणी ग्रामसभेत 'चार एकरांपर्यंत मिळते' असे सांगून गेला, आणि सात एकर कसणाऱ्या कुटुंबाने त्यावर भरवसा ठेवून चारच एकरांचा दावा टाकला, तर तीन एकर कागदावर येतच नाहीत. कायद्याने काही काढून घेतलेले नसते. एका शब्दाने घेतलेले असते. तेव्हा दावा लिहिताना मापाचे नाव स्वतः पाहा, आणि वाचता येत नसेल तर गुरुजींकडून मोठ्याने वाचून घ्या.

हे झाले जमिनीचे. आता पिकाकडे या. 'अमुक तालुक्याची पैसेवारी ४७ पैसे' अशी बातमी दरवर्षी छापून येते. शहरातल्या माणसाला वाटते, शेतकऱ्याला सत्तेचाळीस पैसे मदत मिळाली! पैसेवारीचा पैशांशी काही संबंध नाही. पूर्वी पुऱ्या पिकाला सोळा आणे पीक म्हणत, आणि निम्म्याला आठ आणे. त्याला आणेवारी म्हणत. नवे पैसे आले तशी आणेवारीची पैसेवारी झाली. पीक पुरेपूर आले तर शंभर पैसे. सत्तेचाळीस पैसे म्हणजे ठरलेल्या उताऱ्याच्या शेकडा सत्तेचाळीस पीक आले. ५० पैशांच्या आत पैसेवारी आली की गाव टंचाईच्या सवलतींच्या हिशेबात येते, ही जुनी रीत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ नियमावलीनंतर पाऊस, जमिनीतली ओल असे आणखीही निकष आले. पण पैसेवारी जाहीर होणे काही थांबलेले नाही. ती तीनदा जाहीर होते: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. बातमीत नुसता 'पैसेवारी' शब्द असेल, तर ती यांपैकी कोणती, हे विचारल्याशिवाय आनंद किंवा दुःख करू नये.

कापसाच्या भावातही असाच चकवा आहे. वर्तमानपत्रात येते, 'कापूस ५६ हजारांवर.' तिकडे बाजार समितीत कापसाला सात हजारांच्या आसपास भाव निघतो. कास्तकाराला वाटते, आपण लुटलो गेलो. खरी गोष्ट अशी, की पहिला आकडा खंडीचा आहे, आणि दुसरा क्विंटलचा. कापसाच्या व्यापारातली खंडी जुन्या ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५ किलो ६२० ग्रॅमची. ती धान्याच्या वीस मणांच्या खंडीहून निराळी. शिवाय खंडीचा भाव रुईचा असतो; तुम्ही विकता तो सरकीसकट कापूस. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. आता हिशेब करा. ५६ हजारांची खंडी म्हणजे किलोला सुमारे १५७ रुपये, तेही रुईला. बातमी लिहिणाऱ्याने 'रुई, दर खंडीस' एवढे तीन शब्द लिहिले असते, तर अर्धा गैरसमज टळला असता. मग उरलेल्या अर्ध्याविषयी, म्हणजे भाव खरोखरच पडतो की नाही याविषयी, कास्तकाराला नीट भांडता आले असते. चुकीच्या आकड्यावर भांडायला गेलेला माणूस खऱ्या मुद्द्यावरही हरतो.

पावसाचे माप मिलिमीटर. कधी तेच सेंटिमीटरमध्ये सांगतात, आणि जुनी माणसे इंचांत बोलतात. दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, आणि इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी. हे ६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. कोणी '६५ सेंटिमीटर' छापले, तर तो दसपट पाऊस झाला. मिलिमीटर म्हणजे डोळ्यांसमोर काय आणावे? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरांहून थोडे जास्त. असे सांगितले, की पाऊस मोजण्यासारखी वस्तू वाटू लागते.

धरणाच्या पाण्याचेही तसेच. 'पाचशे क्युसेक प्रतिसेकंद पाणी सोडले' असे आपण वाचतो. क्युसेकमध्येच 'दर सेकंदाला' आलेले आहे. पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. पण क्युमेक नावाचे दुसरे माप आहे. ते दर सेकंदाला हजार लिटरांचे, म्हणजे क्युसेकच्या पस्तीसपट. नदीकाठच्या गावाला इशारा देताना एका अक्षराची गफलत झाली, तर गुडघाभर पाण्याची अपेक्षा ठेवून माणूस पुरात सापडायचा.

आता सर्वांत जपायची गोष्ट, म्हणजे औषध. १९९३ पासून मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या साऱ्या देशाने वाचल्या आहेत. त्यांची कारणे दारिद्र्य, कुपोषण, दवाखान्याचे अंतर अशी मोठी आहेत. पण जिथे लेकरू आधीच अशक्त असते, तिथे लहान चूकसुद्धा लहान राहत नाही.

हगवण लागलेल्या मुलाला क्षार-संजीवनी देतात, ज्याला आपण ओ. आर. एस. म्हणतो. त्याचा मोठा पुडा एक लिटर पाण्यासाठी असतो. लहान पुडी २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाण्यासाठी असते. मोठा पुडा एका पेल्यात कालवला, तर मीठ पाचपट होते, आणि ते अशक्त लेकराच्या जिवावर बेतू शकते. लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली, तर तिचा उपयोग फार थोडा. 'एक पुडी तांब्याभर पाण्यात' असे सांगणे हे सांगणेच नव्हे, कारण तांब्या घरोघरी निराळा. पुड्यावर जे छापले असेल ते वाचा, आणि लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन घरात ठेवा.

तापाच्या औषधाचे पाहा. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते; तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये २५० असते; आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. तिन्ही पॅरासिटामॉलच. 'एक चमचा द्या' म्हणून सांगितलेले पहिल्या बाटलीसाठी असले, आणि घरी थेंबांची बाटली असली, तर मुलाच्या पोटात चौपट औषध गेले. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन, आणि मिलिलिटर हे पातळ पदार्थाचे माप, दोन्ही 'मि.'नेच सुरू होतात, म्हणून जास्त जपावे. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, बाटलीबरोबर आलेला, स्वयंपाकघरातला नव्हे. तापमापकाचेही दोन प्रकार आहेत. सेल्सियसचा ३९ ऐकून कोणी 'फार नाही' म्हणू नये. तो फॅरनहाइटचा १०२ आहे.

अंगणवाडीत मुलाच्या दंडाचा घेर मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर असला, तर ते तीव्र कुपोषण समजून मुलाला लगेच उपचार द्यावे लागतात. वहीत ११.४ च्या जागी १२.४ पडले, तर मूल लाल रंगातून पिवळ्यात जाते, आणि यादीतून सुटते. म्हणून आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी आकडा लिहिल्यावर तो आईला मोठ्याने वाचून दाखवावा. फितीवरचा रंग आईनेही पाहिलेला असतो. चूक तिथल्या तिथे सापडते.

आता मापांवाचूनचे घोटाळे; नुसत्या शब्दांचे. 'पाणी दोन दिवसांआड येईल' यात मध्ये दोन दिवस कोरडे की एक? दहा जणांना विचारा, दोन उत्तरे येतील. 'सोमवार, गुरुवार, रविवार' असे लिहिले तर प्रश्न उरत नाही. 'आठ दिवसांनी या' म्हणजे आपण आठवड्याने समजतो, सातव्या दिवशी जातो. हिंदीतला 'कल' कालचाही असतो आणि उद्याचाही. मराठीतला 'परवा'ही तसाच दोन्हीकडचा. 'दिनांक १५ च्या रात्री १२ पर्यंत' म्हणजे चौदा संपताना की पंधरा संपताना? '५० पैशांच्या आत' यात पन्नास धरायचे की नाही? एवंच, सूचनेत वार, तारीख आणि वेळ तिन्ही द्यावीत, आणि 'पर्यंत' लिहिले की 'तो दिवस धरून' असे जोडावे.

असे घोटाळे आपल्याकडेच होतात असे नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक मोठे प्रवासी विमान ४१ हजार फुटांवर असताना त्याचे इंधन संपले. इंधनमापक बंद होता, म्हणून टाकीत सळी घालून लिटर मोजले, आणि त्यांचे वजन हिशेबाने काढले. विमानाला हवे होते किलोग्रॅम. पण लिटराला गुणताना घेतलेला १.७७ हा आकडा पौंडांचा होता. किलोग्रॅमचा सुमारे ०.८ घ्यायला हवा होता. त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिकांनी ते गिमली नावाच्या गावी जुन्या धावपट्टीवर बंद इंजिनांनी उतरवले. ६९ जणांचा जीव वाचला. गुणाकार बरोबर होता, माणसे शिकलेली होती. नुसत्या मापाच्या नावाची अदलाबदल झाली होती. तेव्हा ही चूक अडाण्याची आहे असे कोणी समजू नये. ती न विचारणाऱ्याची आहे.

मग करावे काय? पाटी किंवा पत्रक लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. मापाचे नाव पूर्ण लिहावे, 'मि.', 'से.', 'हे.' अशी तुटकी अक्षरे नकोत. सरकारी मापाशेजारी लोकांचे माप लिहावे: '१.२० हेक्टर, म्हणजे सुमारे तीन एकर.' आणि लावण्यापूर्वी पाटी गावातल्या दोन माणसांना वाचायला देऊन, त्यांना काय समजले ते विचारावे.

ऐकणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारायची लाज धरू नये: कशाचे? कितीला? कधीपर्यंत? साहेब रागावतील ही भीती असेल, तर चौघांनी मिळून विचारावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या हाती तर सर्वांत मोठे साधन आहे. शाळेच्या मैदानावर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन चुन्याने आखा. तो एक आर. मुले त्यात उभी राहिली, की आर कधी विसरणार नाहीत. सरळ कडांचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. तो तुमच्या गावचा पाऊस. घरचा चमचा आणि तांब्या आणायला सांगा, आणि लिटरच्या बाटलीने ते मोजा. घरचा सात-बारा मुलांकडून वाचून घ्या. कोरकू बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या घरच्या मापाचे नाव फळ्यावर लिहू द्या, आणि त्यापुढे किलोचा आकडा मांडा. तो मुलगा संध्याकाळी घरी जाऊन बापाला कागद वाचून दाखवील, तेव्हा गणिताचा तास खरा उपयोगी पडला असे समजा.

आकडा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. पण मापाचे नाव नसलेला आकडा खरेही बोलत नाही. त्याला बोलते करणे आपल्या हाती आहे.